रानातून ओढलेली तार आणि ऐकण्याचं गणित

माझ्याकडे दोन अँटेना आहेत. एक घरामागे उभा, ॲल्युमिनियमचा, दिसायला ऐटबाज. दुसरा म्हणजे वरच्या रानातून झाडांच्या आधारानं नेलेली नुसती तार. पहिल्यावर रिसीव्हरचा काटा अर्ध्याच्या पुढे नाचत असतो, दुसऱ्यावर जेमतेम हलतो. तरीही पहाटे चारला युरोपातल्या एखाद्या हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचं, क्षीण मोर्स (टिकटिकीच्या संकेतांतलं बोलणं) मला ऐकू येतं, ते त्या दुसऱ्या तारेवर. रेडिओत नव्यानं पडलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो आणि प्रत्येक जण मला खुळ्यात काढतो. जिच्यावर सिग्नल कमी, तिच्यावर जास्त ऐकू कसं येईल?

येतं. ते का, आणि अशी तार झाडाझुडपांच्या जमिनीवर बांधायची कशी, एवढंच इथं सांगायचं आहे. माझी जमीन कोकणातली आहे: खाली काजू आणि आंब्याची कलमं, वर ऐन, किंजळ, मधूनमधून साग, आणि माथ्यावर जांभ्याचा कातळ. तुमचं रान वेगळं असेल, तत्त्व तेच.

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन, हौसेखातर, स्वतःच्या संचावरून जगाशी बोलणं. भारतात हा परवाना दूरसंचार विभागाकडून मिळतो, त्याआधी परीक्षा असते. हॅमना दिलेल्या पट्ट्यांपैकी सर्वात खालच्यांतला एक म्हणजे १६० मीटरचा, साधारण तेवढ्या लांबीच्या लहरींचा. आपल्याकडे त्यातला १८२० ते १८६० किलोहर्ट्झ एवढा तुकडा वापरता येतो. मध्यम लहरींचा रेडिओ जिथं संपतो, त्याच्या जरा पुढे. दिवसा या पट्ट्यावर फार लांबचं काही येत नाही. रात्री मात्र लहरी वरच्या वातावरणातून परतून हजारो किलोमीटर जातात. अडचण एकच. रात्री दूरचा सिग्नल येतो तसा दूरचा कडकडाटही येतो. इंडोनेशियात, आफ्रिकेत कुठं ना कुठं विजा पडतच असतात आणि त्यांची खरखर याच लहरींवर स्वार होऊन आपल्या घरात शिरते. त्यात गावातले एलईडी दिवे, पंपांचे स्टार्टर, इन्व्हर्टर यांची भर.

म्हणून इथं लढाई सिग्नलच्या ताकदीची नसतेच. गणपतीत मिरवणुकीच्या ताशात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, ते काही तो हळू बोलतो म्हणून नव्हे. तुम्ही कानाला कितीही मोठं यंत्र लावा, ताशाही तेवढाच मोठा होणार. उपाय एकच: ताशाकडे पाठ करायची आणि माणसाकडे कान.

आकड्यांत सांगतो. रिसीव्हरवर सिग्नलचं माप 'एस' या खुणांनी दाखवतात, एक खूण म्हणजे ६ डेसिबल. उभ्या अँटेनावर खरखर एस-७ आणि परदेशी स्टेशन एस-६ असेल, तर स्टेशन खरखरीत बुडालं. आता लांब तारेवर या. ती मुळात कमी वीज पकडते, त्यामुळे स्टेशन उतरून एस-३ वर आलं. पण खरखर बहुतांशी दुसऱ्या दिशेनं येत होती, ती एस-१ वर गेली. आवाजाची मूठ वाढवली की स्टेशन स्वच्छ. आधुनिक रिसीव्हर एवढे संवेदनशील असतात की या पट्ट्यावर सिग्नलचा दुष्काळ कधी नसतो. गोंगाटाचा सुकाळ असतो.

अशा तारेला बेव्हरेज अँटेना म्हणतात. पेय नव्हे, आडनाव. हॅरल्ड बेव्हरेज हा अमेरिकेच्या मेन राज्यातल्या नॉर्थ हेवन बेटावरचा माणूस. त्यानं जमिनीलगत ओढलेल्या लांब तारांवर प्रयोग केले आणि १९२१ साली त्याला या अँटेनाचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात पॉल गॉडली नावाचा अमेरिकी हॅम स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसन गावी गेला, किनाऱ्यालगत वाऱ्यापावसात तंबू ठोकला, बेव्हरेजची तार ओढली आणि अमेरिकेतल्या हौशी स्टेशनांचे सिग्नल अटलांटिकच्या पलीकडून ऐकले. हौशी लोक लहान लहरींवर महासागर ओलांडू शकतात हे त्यामुळे पटलं. व्यापारी कंपन्या तेव्हा कित्येक किलोमीटर लांबीच्या लहरी वापरत आणि तारही त्या मानानं लांब लागे, म्हणून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या रिव्हरहेड केंद्रातली अशी तार तब्बल नऊ मैलांची होती.

प्रक्षेपण एकीकडे आणि ऐकणं दुसरीकडे ही कल्पना महाराष्ट्रालाही नवी नाही. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी 'बीम' सेवा सुरू झाली, तेव्हा पाठवायचं केंद्र खडकीला आणि ऐकायचं थेट दौंडला ठेवलं होतं. तिथले अँटेना वेगळ्या जातीचे होते, विचार मात्र हाच.

आता तार काम कशी करते. रेडिओची लहर जमिनीवरून सरकते तेव्हा जमीन तिची थोडी ऊर्जा खाते, आणि लहरीचं खालचं टोक मागे रेंगाळतं. लावणीच्या चिखलातून घाईनं चालून बघा: पाय रुततात आणि धड पुढे झुकतं. लहरीचंही तेच होतं, ती पुढे कलते. ती अगदी ताठ असती तर आडव्या तारेत काहीच निर्माण झालं नसतं. कललेली असल्यामुळे तिचा एक लहानसा हिस्सा तारेच्या दिशेनं पडतो आणि तारेत किंचित वीज जागी होते. लहर तारेच्या कडेकडेनं पुढे जाते, तारेतली वीजही जवळपास त्याच वेगानं पुढे जाते, आणि वाटेत प्रत्येक मीटरला नवी भर पडत राहते. वारीत दिंडीला गावोगावचे लोक मिळत जातात तशी. रिसीव्हरच्या टोकाशी पोचेपर्यंत दिंडी मोठी झालेली असते.

उलट दिशेनं आलेली लहरही अशीच दिंडी जमवते, पण ती पोचते तारेच्या दुसऱ्या टोकाला. तिथं आपण तार आणि जमीन यांच्यामध्ये एक रोधक (रेझिस्टर) लावलेला असतो. तो तिला गिळून टाकतो, म्हणजे ती परत फिरून रिसीव्हरकडे येत नाही. आणि बाजूनं आलेल्या लहरीचे तुकडे तारेत एकमेकांशी जुळत नाहीत, बरेचसे आपापसातच मिटतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: अँटेनाचा कान रोधक असलेल्या टोकाकडे असतो. युरोप ऐकायचा असेल तर रोधकाचं टोक युरोपच्या बाजूला आणि रिसीव्हरची केबल अलीकडच्या टोकाला. मी पहिल्यांदा बरोबर उलटं केलं होतं आणि आठवडाभर हिंदी महासागराकडे कान लावून बसलो होतो. दुसरी: जमीन जितकी वाईट तितकी तार चांगली. खाऱ्या पाण्यावर किंवा खाजणात लहर कलतच नाही म्हणा ना, तिथं ही तार निकामी. कातळावर, मुरमाड उतारावर उत्तम. ज्या जमिनीत नाचणीसुद्धा धड येत नाही तिचा काही उपयोग असतो, हे मला या छंदानं शिकवलं.

लांबी निदान एक तरंगलांबी हवी. १८३० किलोहर्ट्झला ती साधारण १६४ मीटर भरते. तारेतली वीज हवेतल्या लहरीपेक्षा काही टक्के हळू धावते, त्यामुळे तार फारच लांब केली की दोघींचा मेळ सुटत जातो. शिवाय कान अरुंद होतो, मग एकाच दिशेची चिमूटभर जागा ऐकू येते. या पट्ट्यासाठी दीडशे ते तीनशे मीटर पुरे. आपल्या बाजारात घरगुती वायरिंगची वायर ९० मीटरच्या गुंडाळीत मिळते. दोन गुंडाळ्या जोडल्या की १८० मीटर, काम झालं. एक चौरस मिलिमीटरची, पीव्हीसी आवरणाची, शक्यतो काळी किंवा हिरवी. उघडी, जस्त चढवलेली लोखंडी तार स्वस्त पडते, पण कोकणच्या दमट हवेत ती गंजते. उघडं तांबं लावाल तर तार एक दिवस भंगारवाल्याकडे भेटेल.

दिशा ठरवताना भिंतीवरच्या नकाशावर जाऊ नका. त्यावर न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला दिसतं. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिलात तर तो वायव्येहून जरा उत्तरेकडे जातो. रत्नागिरीच्या आसपासून लंडन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलं तर सुमारे ३१९ अंशांवर आहे आणि न्यूयॉर्क सुमारे ३३३ वर. म्हणजे एकच तार ३२५ अंशांवर रोखली की सगळा युरोप आणि अमेरिकेचा पूर्व किनारा दोन्ही तिच्या कानात येतात, कारण एका तरंगलांबीच्या तारेचा कान दोन्ही बाजूंना चाळीसेक अंश रुंद असतो. कॅलिफोर्निया साधारण १२ अंशांवर, म्हणजे अगदी कडेला. जपान ६० च्या आसपास, त्याला दुसरी तार. आणि गंमत पाहा: ३२५ अंशांच्या तारेची पाठ नेमकी आग्नेयेला येते, जिथं हिवाळ्यात इंडोनेशियाच्या बाजूचे गडगडाट चालू असतात. भूगोलानं आपल्याला दिलेली ही सवलत आहे. युरोपातल्या हॅमना असं फुकटात मिळतंच असं नाही.

दिशेसाठी साधं होकायंत्र चालतं, आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळपास नाहीच. रानात मात्र वीस पावलांपुढचं दिसत नाही. म्हणून आधी तार न घेता जा. कोयती आणि रंगीत कापडाच्या चिंध्या घ्या, दर पंधरा-वीस मीटरवर एका झाडाला चिंधी बांधा आणि मागे वळून आधीच्या दोन चिंध्या एका रेषेत दिसतात का ते बघा. तार दोन-चार मीटर इकडेतिकडे वळली तर काही बिघडत नाही. १६४ मीटरच्या लहरीला ते जाणवतही नाही. त्याच कारणानं झाडांचीही भीती नको. खोडात पाणी असतं, क्षार असतात, पण लहरीच्या मानानं झाड म्हणजे काडी. सरळ रेषेच्या हट्टापायी चांगलं झाड तोडणाऱ्याला मी हॅम म्हणणार नाही.

बांधणीत खरी मेख आहे. नवखा माणूस तार झाडाला गुंडाळतो, खिळ्यानं ठोकतो, सतारीसारखी ताणतो. पहिल्या वाऱ्याला झाडं डोलतात, प्रत्येक वेगळ्या बाजूला, आणि तार तुटते. तुटली नाही तर झाड जाड होत जातं, तार सालीत रुतते, झाडाचा गळा आवळला जातो. आणि ठोकलेला खिळा काही वर्षांनी खोडात गडप होतो, तो नंतर कटर चालवणाऱ्याच्या नशिबी येतो.

तारेला सरकू द्यायचं. मी इलेक्ट्रिशियन वापरतात त्या पीव्हीसी पाइपचे बोटभर तुकडे कापतो. प्रत्येक तुकडा नायलॉनच्या दोरीनं फांदीला किंवा खोडाला सैल फासात टांगायचा आणि तार त्यातून नुसती ओवायची. गाठ नाही, वेढा नाही. तारेचं एकच टोक पक्कं. दुसऱ्या टोकाला दोरी जोडून ती लहान कप्पीवरून खाली सोडायची आणि तिला अर्धी वाळू भरलेला पाच लिटरचा कॅन लटकवायचा. झाडं डोलली की कॅन वरखाली होतो, तार तशीच. वाळकी फांदी कोसळली की कॅन वर जातो, तार खाली दबते, तुटत नाही. सकाळी जाऊन फांदी बाजूला केली की कॅन उतरतो आणि तार आपोआप जागेवर. कॅनची दोरी तारेपेक्षा कच्ची ठेवा. मोठंच झाड पडलं तर दहा रुपयांची दोरी तुटावी, १८० मीटर वायर नव्हे.

उंची अडीच-तीन मीटर. विजेच्या हिशेबानं दोन मीटरही चालली असती. पण डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन बायका पाणंदीनं जातात, गवे फिरतात, आणि आंब्याला झेला लावायला शिडी येते. तीन मीटरवर कुणाचं अडत नाही. फार उंच नेऊन फायदा तर नाहीच, उलट तार इतर दिशांचंही पकडू लागते. ही तार विजेच्या कुठल्याही तारेच्या वरून, खालून किंवा जवळून नेऊ नका. यात सूट नाही.

आता दोन्ही टोकं. तारेचा स्वतःचा रोध तिची जाडी आणि उंची यांवर ठरतो, आपल्या मापांत तो साडेचारशे ते साडेपाचशे ओहम येतो. म्हणून दूरच्या टोकाला दोन वॅटचे दोन कार्बन रोधक, प्रत्येकी एक किलोओहम, समांतर जोडले की ५०० ओहम झाले. वेटोळ्याचे रोधक घेऊ नका, त्यांत कॉइलचा गुण येतो. अलीकडच्या टोकाला छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो, कारण केबल ७५ ओहमची. हो, केबल टीव्हीची आरजी-६. स्वस्त, गावात मिळणारी आणि या कामाला पुरेपूर. दोन भोकांच्या फेराइट गाभ्यावर, ७३ क्रमांकाच्या मिश्रणाचा, केबलच्या बाजूला दोन वेढे आणि तारेच्या बाजूला पाच. रोधाचं प्रमाण वेढ्यांच्या वर्गाइतकं, म्हणजे सव्वासहा पट: ७५ चे सुमारे ४७० होतात. दोन्ही गुंडाळ्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या ठेवा आणि केबलचं जाळीदार आवरण तारेच्या अर्थिंगला जोडू नका. जोडलंत तर घरातली सगळी खरखर केबलच्या पाठीवरून चालत रानात येईल.

दोन्ही टोकांना लागणारं अर्थिंग हे कातळावरचं दुखणं. सब्बल घेऊन बसलात तरी सळई वीतभर जात नाही. जिथं मातीचा खळगा सापडेल तिथं टोक संपवा. सळई मीटरभर गेली तर छान, नाहीतर दहा-दहा मीटरच्या चार तारा जमिनीवर चार दिशांना पसरा, पाचोळ्याखाली राहिल्या तरी चालतात. ही जमीन ऋतूप्रमाणे बदलते: ऑक्टोबरात ओली, जानेवारीत कोरडी. त्यामुळे रोधक पक्का करण्याआधी तिथं फिरवता येणारा रोधक लावा आणि ज्या महिन्यांत ऐकायचं त्याच महिन्यांत जुळवा. जुळवणी सोपी आहे. रात्री तारेच्या पाठीमागच्या दिशेचं एखादं मध्यम लहरी केंद्र लावा, पट्ट्याच्या वरच्या टोकाकडचं असेल तर बरं. एकानं घरी रिसीव्हरपाशी बसायचं, दुसऱ्यानं रोधक फिरवायचा आणि केंद्र सर्वात क्षीण होईल तिथं थांबायचं. फोनला रेंज नसेल तर टॉर्चच्या खुणा.

या तारेवरून प्रक्षेपण करू नका. बहुतेक शक्ती जमिनीत आणि रोधकात जळते. बोलायला तो ऐटबाज उभा अँटेनाच. पण दोघांत शक्य तेवढं अंतर ठेवा, नाहीतर उभा अँटेना आपल्याकडची खरखर तारेला वाटत बसतो.

शेजाऱ्यांचा मुद्दा राहिला, आणि कोकणात तो तांत्रिक मुद्द्यांपेक्षा मोठा आहे. तार ओढली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे काका पाणंदीवर उभे राहिले. "डुकरांसाठी करंट सोडलास काय रे?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रानडुकरांसाठी लावलेल्या चोरट्या विजेच्या तारांनी माणसं मेलेली आहेत. मी काकांसमोर तार मुठीत धरून दाखवली, मग घरी नेऊन हेडफोन कानाला लावले. त्यांना फक्त टिकटिक ऐकू आली. "एवढ्यासाठी?" म्हणाले. पण तेव्हापासून वाडीत तेच सांगतात की तार निरुपद्रवी आहे. जिथं जिथं वाट ओलांडते तिथं मराठीत पाटी लावा: 'रेडिओची तार, वीज नाही'.

वानरांना पाटी वाचता येत नाही. ती तारेला फारसं छळत नाहीत, लोंबणारी केबल मात्र झोक्यासाठीच आहे अशी त्यांची समजूत असते, तेव्हा केबल जमिनीवरून न्या. जमिनीवरून नेली की फेब्रुवारी-मार्चच्या वणव्याचा धोका, म्हणून दोन्ही बाजूंचं गवत आधीच कापा. आणि कातळावर फुरसं असतं. रात्री रोधक जुळवायला बूट आणि टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, कितीही दुर्मीळ स्टेशन आलेलं असलं तरी.

आभाळातल्या विजेचा प्रश्न मी पंचांगावर सोडवला आहे. ऑक्टोबरातले परतीचे गडगडाट ओसरले की दिवाळीनंतर तार बांधायची आणि शिमग्याला उतरवायची. वळवाच्या विजांच्या वेळी रानात तार नसतेच. वीज थेट पडायची गरज नसते, मैलभरावर कडाडली तरी एवढ्या लांब तारेत उठणारा झटका रोधक जाळतो आणि रिसीव्हरचं नाक कापतो. हंगामातसुद्धा ऐकून झालं की केबल काढून घराबाहेर ठेवा. १६० मीटरचा मोसमही नेमका हाच, थंडीतल्या लांब रात्रींचा. डिसेंबरात न्यूयॉर्कला सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि आपला सूर्योदय सातच्या सुमारास. त्या चार तासांत सगळी वाट अंधारात असते. सूर्योदयाआधीची शेवटची वीस मिनिटं सर्वात मोलाची, तेव्हा सिग्नल कधीकधी एकदम उसळी घेतो आणि उजाडताच विरून जातो.

एवढी जमीन नसेल तर? तीच तार साठ-सत्तर मीटर घेऊन सरळ जमिनीवर अंथरता येते. जमिनीला चिकटल्यावर तारेतली वीज खूपच मंदावते, म्हणून कमी लांबीत काम भागतं, सिग्नल मात्र आणखी उतरतो आणि रिसीव्हरच्या आधी छोटा ॲम्प्लिफायर लागतो. पाचोळ्याखाली ती दिसतही नाही, म्हणून गवत कापायला येणाऱ्यांना आधी दाखवून ठेवा. अंगणाएवढीच जागा असेल तर टोकाशी रोधक लावलेले त्रिकोणी किंवा चौकोनी लूप आहेत. बेव्हरेजची सर नाही, पण उभ्या अँटेनापेक्षा शांत.

शिमग्याला तार उतरवताना ती कोपर आणि अंगठ्यावर गुंडाळू नका. प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो आणि दिवाळीला सोडताना १८० मीटरचा गुंता हातात येतो. दोन काठ्यांवर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळा, पीळ आपोआप उलटसुलट होऊन सुटतो. पाइपचे तुकडे आणि दोऱ्या काढून घ्या, झाडांवर काही ठेवू नका. चिंध्या मात्र राहू द्या. पावसाळ्यात रान इतकं माजतं की पुढच्या वर्षी तीच रेषा शोधायला त्या कामी येतात.